क्ष सुटेपर्यंत चहा नाही

एप्रिल १९९७, शनिवार. ठिकाण: पेणमधलं माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान. हजर: मी, रोह्याचे गणिताचे निवृत्त सर, सरांच्या पत्नी काकू आणि वीज. वीज दुपारी निघून गेली, बाकीचे थांबले.

समीकरणाच्या दोन्ही बाजूंवर सरांइतकी सारखी माया करणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात नसेल. दहावीच्या बीजगणिताचं पुस्तक ते माझ्याकडून संगणकावर टाइप करून घेत होते. प्रकाशक उदाहरणांतल्या मधल्या पायऱ्या गाळायला सांगत होते, म्हणून सरांनी पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं. "पायरी काढली की पोर पडणार," एवढंच ते म्हणाले. दर शनिवारी सकाळच्या एस.टी.ने दोघं येत. सर कागद मांडीवर ठेवत आणि कागदांकडे न बघता समीकरणं सांगत: "मोठा कंस उघडा. आत छोटा. छोट्यात क्ष बसवा, डोक्यावर दोन." मी क्ष बसवत असे, दोन डोक्यावर चढवत असे. मराठी फॉन्टमध्ये वर्गमुळाचं चिन्ह नव्हतं. ते दुसऱ्या फॉन्टमधून आणायचं आणि वरची आडवी रेघ वेगळी ओढून त्याला जोडायची. ती केसभर सुटली तरी सर भिंग लावून प्रिंटच्या कागदाला नाक टेकवत. "बाई, छपराला फट हाय. आतला आकडा भिजेल पावसात."

बरोबरचं चिन्ह पडलं की उजवी बाजू पुरी होईपर्यंत कुणी उठायचं नाही, हा त्यांचा नियम. चहा नाही, फोन नाही. एकदा गडब गावचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नपत्रिकेसाठी ताटकळले होते. "सर, मुहूर्त टळंल आमचा," ते म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, "बसा. आमचा क्ष सुटतोय." गृहस्थ बसले. क्ष सुटला तेव्हा पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

तर त्या शनिवारी बरोबरचं चिन्ह टाइप झालं आणि वीज गेली. काकू पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. "अहो, चला. गाडी जाईल."

"डावी बाजू एकटी टाकून?"

"ती काय रडणार हाय?"

सर हलले नाहीत. गाडी गेली. वीज आली तेव्हा सेव्ह न केलेल्या त्या पानावर संगणकाने दोन्ही बाजू सारख्या करून ठेवल्या होत्या: काहीच उरलं नव्हतं. सर बाहेर ओट्यावर जाऊन बसले. काकू माझ्या खुर्चीजवळ आल्या.

"ताई, शाळा उघडायच्या आत होईल ना? काचबिंदू हाय त्यांना. एक डोळा गेलाच, दुसऱ्याचं पण डॉक्टर काय नीट सांगत नाय. कागद नुसते मांडीवर घेतात, आता भिंगाशिवाय वाचता नाय येत. छापलेलं पुस्तक बघायला मिळालं पाहिजे हो त्यांना."

मी कामांचा क्रम बदलला. गणपतीच्या कारखान्यांची दरपत्रकं मागे, लग्नपत्रिका मागे, शनिवारसोबत बुधवारही सरांचा. शाळा उघडायच्या आधी पुस्तक घेऊन मी स्वतः रोह्याला गेले. सरांनी एक पान निवडलं आणि त्यावरून भिंग एकेका चिन्हावर थांबत नेलं. समोरचा चहा गार झाला. "सगळं जागच्या जागी हाय," ते म्हणाले, आणि भिंग काकूंकडे दिलं, ठेवून द्यायला.

दिवाळीनंतर काकूंनी बूथवरून फोन लावून दिला.

"बाई, भूमिती राहिली," सर म्हणाले.

भूमिती तोंडी सांगून होत नाही, हे त्यांना मी काय सांगणार? "पहिली आकृती कुठली घेऊ?" मी विचारलं.

"त्रिकोण काढा."

"कसला? काटकोन, समभुज?"

"कसलाही काढा. मला आठवेल."

भूमितीची फाइल मी तयार केली आहे. शीर्षक टाकलं आहे, समास आखले आहेत. त्रिकोण काढायचा राहिला आहे.