गाव क्रमांक चार

आमच्या विद्यापीठाच्या संशोधन कक्षाचं वार्तापत्र दर तीन महिन्यांनी निघतं आणि गेली नऊ वर्षं ते मीच काढते. कोण कुठल्या परिषदेला गेलं, कुणाची बढती झाली, कुणी उजळणी वर्ग पूर्ण केला, कुणाच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, सगळं मी टाइप केलेलं आहे. एका साहेबांचे तीन सत्कार मी तीन अंकांत छापले. तिन्ही फोटोंत शाल तीच होती. या नऊ वर्षांत वारलू पुंगाटी हे नाव दोनदाच छापून आलं. दोन्ही वेळा मीच घातलं.

वारलूभाऊ आमच्याकडे क्षेत्र सहायक होता. अहेरीच्याही पुढचा, एटापल्लीकडच्या जंगलातला माडिया माणूस. दहावी नापास, वय पन्नाशीचं, अंगात कायम तोच फिका निळा शर्ट. अकरा महिन्यांचा करार, मग एक महिना घरी, मग पुन्हा अकरा महिने, असं बारा वर्षं चाललं होतं. कागदावर त्याचं काम सोपं होतं. संशोधकाला गावात न्यायचं आणि लोकांचं बोलणं त्याला मराठीत सांगायचं.

प्रत्यक्षात तो काय करायचा ते सांगते. गावात शिरलं की संशोधकाला आधी गायत्याच्या अंगणात बसवायचा. गायता म्हणजे गावाचा पुजारी आणि वडीलधारा. तिथं पाणी प्यायचं, तंबाखूची पुडी पुढे करायची, कशाला आलो ते सांगायचं. इथून काय नेणार आणि काय नेणार नाही, तेही सांगायचं. मग गाव विचार करायचं. कधी तासभर, कधी दोन दिवस. तोवर प्रश्नावली पिशवीतून बाहेर काढायची नाही. बाहेरून आलेले संशोधक वैतागून मला फोन करायचे, ‘मॅडम, हा माणूस आम्हाला नुसता बसवून ठेवतोय!’ मी म्हणायची, बसा. जे बसले त्यांतले सात जण आज नावाआधी डॉक्टर लावतात. त्यांच्या प्रबंधात वारलूभाऊ आभाराच्या शेवटच्या ओळीत आहे, ‘स्थानिक दुभाषी’ म्हणून. नावसुद्धा नाही.

मला याचा भयंकर राग यायचा. माझे वडील ब्रह्मपुरीचे कय्यूम टेलर. लोकांच्या लग्नाचे कोट त्यांनी शिवले आणि फोटोत दुसरेच मिरवले. अब्बा म्हणायचे, असंच असते बेटा. मला ते कधी पटलं नाही. वारलूभाऊला मात्र त्याचं काहीच वाटत नसे. ईदला मी त्याच्यासाठी डब्यातून शिरखुर्मा न्यायची, उन्हाळ्यात तो माझ्यासाठी पळसाच्या पानात बांधून चारोळी आणायचा. त्याच्याकडे पदवी नव्हती, ओळखपाळख नव्हती, वशिला नव्हता. त्या पंचवीस-तीस गावांत त्याच्या शब्दाला किंमत होती. त्याची नोकरीच त्या शब्दावर चालायची.

गेल्या वर्षी जानेवारीत परिपत्रक आलं. तीन क्षेत्र सहायकांपैकी एकच राहणार. ज्याच्या फाइलमध्ये ‘व्यावसायिक विकासा’ची नोंद नाही, त्याचा करार वाढणार नाही. फायली पाहून समिती ठरवणार. मी वारलूभाऊची फाइल काढली. बारा करार, बारा हजेरीपत्रकं, बाकी काही नाही. प्रशिक्षण कधीच नाही, कारण प्रत्येक प्रशिक्षणाच्या वेळी तो जंगलात असायचा, प्रशिक्षण घेतलेल्यांची कामं करत.

मार्चमध्ये दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय, संशोधनातील नैतिकता. यादीत कंत्राटी माणसं नव्हती. मी होते, कारण हजेरी घ्यायला कोणीतरी लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्या बाई लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती कशी जपायची ते सांगत होत्या. मी मागच्या बाकावर नाश्त्याच्या पाकिटांचा हिशेब लावत होते.

त्याच सुमारास दिव्यानी तिचं काम संपवून परत आली. दिव्यानी नागभीडची, गुणी मुलगी, मैदालकडीच्या झाडावर पीएच.डी. करणारी. या झाडाची साल अगरबत्तीला लागते. व्यापारी ती पोत्यांनी उचलतात. साल पूर्ण काढली की झाड उभ्या उभ्या वाळतं, म्हणून आता जंगलात ते शोधावं लागतं. एका गावानं मात्र आपल्या डोंगरावर शंभरावर झाडं राखली होती. कुणी सुरा लावायचा नाही, असा तिथं नियम होता. त्या गावचं नाव मी इथं लिहिणार नाही. दिव्यानीच्या प्रबंधात ते ‘गाव क्रमांक चार’ आहे. तिला डोंगर दाखवला बुधरी नावाच्या म्हातारीनं. वारलूभाऊ दोन दिवस अंगणात बसला होता, तेव्हा कुठे ती उठली.

दिव्यानीच्या मोबाइलमध्ये एक फोटो होता. मोठ्या मैदालकडीखाली वारलूभाऊ आणि बुधरी उभे, दोघंही हसताहेत. मी ठरवलं, वार्तापत्रात अर्धं पान. छापून आलं की कात्रण फाइलमध्ये, झाली नोंद.

त्याला सांगितलं. “वारलूभाऊ, या अंकात तुमच्यावर लिहून राह्यली मी. फोटोसकट.”

तो हसला. “माह्यावर काय लिहिता बाई? नोको.”

“काऊन नोको? समितीले दाखवा लागते.”

“बरं, लिहाचं तं लिहा. पण त्या गावचं काई टाकू नोका. मी बोलून आलो आहो तिथी.”

मी हो म्हणाले. मनात म्हटलं, लाजतो आहे. मजकूर तयार करून संचालकसरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. “एका गावात, एका डोंगरावर... अहो, असं काय? नाव घाला. समितीला खोटं वाटेल.” मी मिनिटभर तशीच उभी राहिले. मग जागेवर येऊन गावाचं नाव घातलं, तालुका घातला, झाडाचं नाव घातलं, बुधरीचंही घातलं. त्या मिनिटात माझ्या डोक्यात काय आलं ते मला चांगलं आठवतं. आमचं वार्तापत्र वाचतं कोण?

एप्रिलमध्ये अंक निघाला. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर गेला, जिल्ह्यातल्या साऱ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरला. लोकांनी कौतुकाचे अंगठे टाकले. समितीनं कात्रण पाहिलं आणि तिघांपैकी वारलूभाऊचा करार वाढवला. मी पेढे आणले. तो गावाला गेलेला होता, म्हणून त्याचा पेढा कागदात बांधून टेबलाच्या खणात ठेवला.

तो जूनमध्ये आला. समोरच्या खुर्चीवर बसला नाही. मी मोठ्या उत्साहात खण उघडला, तर त्यानं पिशवीतून सालीचा एक तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. आतून अजून लालसर होता.

“किती?” मी विचारलं. मला कळलं होतं.

“सगळे.”

मग त्यानं सांगितलं, एकसुरी आवाजात, प्रश्नावली वाचावी तसं. मे महिन्यात दोन माणसं मोटारसायकलवर बुधरीकडे आली होती. त्यांच्या मोबाइलमध्ये फोटो होता, तिचा आणि वारलूचा. म्हणाले, वारलूनं पाठवलं, झाडं मोजायची आहेत. वारलूचा माणूस म्हटल्यावर ती त्यांना दोन दिवस बसवून कशाला ठेवेल? तिनं पाणी दिलं आणि काठी टेकत स्वतः डोंगरावर नेलं. झाडं कुठून कुठवर आहेत ते दाखवलं. पुढच्या आठवडी बाजाराला सारं गाव खाली गेलेलं असताना दोन पिकअप वर गेल्या. माणसं संध्याकाळी परतली तेव्हा डोंगरावरची झाडं बुंध्यापासून फांद्यांपर्यंत सोललेली होती.

“बुधरी काय म्हणते?”

“बोलत नाई कोनाशी. डोंगराकडे पाठ करून बसते.”

गाव बसलं होतं. त्याला मधे बसवलं. गायत्यानं एवढंच विचारलं, की तू म्हणाला होतास नाव कागदावर येणार नाही, मग आलं कसं? वारलूभाऊ म्हणाला, माझी चूक. त्यांनी दंड केला नाही, शिवी दिली नाही. इथं येऊ नको, इतकंच सांगितलं. त्या भागात असा निरोप चार दिवसांत साऱ्या गावांना पोचतो. पाचव्या दिवशी शेजारच्या गावात त्याला कुणी पाणी विचारलं नाही.

“माह्यं नाव काऊन नाई सांगितलं तुमी? सांगाचं ना, कार्यालयातल्या बाईनं छापलं म्हून!”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

“तुमाले कोन वयखते तिथी, बाई? शब्द तं माहा होता.”

राजीनामा त्यानं माझ्याकडूनच लिहून घेतला. मी खूप विनवलं. कार्यालयातच कामाला राहा, फायली लावा, मी सरांशी बोलते. तो म्हणाला, “गावात जाता नाई येत, तं इथी बसून काय करू?” सही केली, साल तिथंच ठेवून गेला. पेढ्याला बुरशी आली होती.

मी संचालकसरांकडे गेले. म्हटलं, अंक काढून टाका, चूक झाली असं छापा, सालचोरीची तक्रार विद्यापीठानं करावी. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, “मॅडम, समितीसमोर गेलेला अंक आहे. आता चूक म्हटलं तर कक्षावर येईल.” अंक त्यांनी गुपचूप काढायला लावला. गेलेल्या झाडांना त्याचा काय उपयोग होता! वारलूभाऊ का गेला, त्यासाठी वार्तापत्रात छापायचे शब्दही त्यांनीच दिले, वैयक्तिक कारणास्तव.

जुलैच्या अंकाचं काम सुरू केलं तेव्हा मार्चच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आली. उशीरच झाला होता त्यांना. सर म्हणाले, सगळ्यांचा एकत्र फोटो पहिल्या पानावर घ्या. घेतला. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी मी आहे. खाली ओळ आहे, ती मीच टाइप केली : ‘श्रीमती सुलताना शेख यांनी संशोधनातील नैतिकता व माहितीची गोपनीयता या विषयाचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले.’ टाइप करताना रडले नाही. रडायचा हक्क मला आहे असं वाटलं नाही.

शेवटच्या पानावर वारलूभाऊ आहे, दीड ओळीत. क्षेत्र सहायक श्री. वारलू पुंगाटी यांनी वैयक्तिक कारणास्तव सेवा सोडली. सरांनी मजकूर पाहिला आणि म्हणाले, “कुठले होते ते? गावाचं नाव घाला ना.”

मी नाही म्हटलं.