दहा दारं, आठवा व्हॉल्व्ह

“पाईपचे प्लॅन कुठे आहेत?” मी विचारलं.

“तेवढे सोडून सगळं मिळालं,” फ्राऊ केसलर म्हणाल्या आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे धरला.

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेतला २०१४चा हिवाळा. मी एका छोट्या फर्ममध्ये हीटिंग इंजिनिअर होतो. या बिल्डिंगच्या मालकांनी, हेर म्हणजे श्रीयुत फोग्ट यांनी, बहुतेक फ्लॅट भाडेकरूंनाच विकले होते. पण हाउसफरवाल्टुंग, म्हणजे बिल्डिंगचा कारभार, स्वतःकडेच ठेवला होता. शेवटी फ्लॅटधारकांनी मतदान करून तो काढून घेतला आणि त्यांच्यातल्याच फ्राऊ केसलर यांच्याकडे दिला. फोग्ट रागावून तळमजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये दार लावून बसले. दुसऱ्याच आठवड्यात मागच्या खोल्या गार पडल्या. चौथ्या मजल्यावर तान्हं बाळ होतं.

तळघरातून गरम पाण्याच्या सात उभ्या लाईन वर जाताना दिसत होत्या. प्रत्येकीला एक व्हॉल्व्ह. कोणती कुठल्या खोल्यांना जाते, कुठेच लिहिलेलं नाही. बॉसला फोन केला.

“भिंती उघडाव्या लागतील. आठवडा सांग त्यांना.”

मी सांगितलं. फ्राऊ केसलर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, जन्मभर ट्राम चालवलेल्या. म्हणाल्या, “अहो, भिंती कशाला? माणसं आहेत की!”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी रजा घेतली. दारं उघडी, घराघरात माणसं रेडिएटरवर हात ठेवून उभी. फोग्टचं दार तेवढं बंद. बाईंनी बेल वाजवली. “हेर फोग्ट, तुमचाही हात लागेल.” ते दार उघडून आपल्या रेडिएटरपाशी जाऊन उभे राहिले.

मी सगळे व्हॉल्व्ह बंद केले आणि पहिला उघडला. दहा मिनिटं गेली. मग वरून आवाज आला, “वार्म!” म्हणजे गरम झालं. पाठोपाठ खालच्या मजल्यांवरून, “वार्म!” बाई जिन्यात बसून वहीत लिहीत होत्या. मी पुण्यात सोसायटीत वाढलो. मीटिंगला कोरम जमायची वाट बघणं अंगवळणी पडलेलं. इथे दहा घरं माझ्या एका पान्यासाठी श्वास रोखून उभी होती.

सातही झाले. मागच्या खोल्या गारच.

तेवढ्यात फोग्ट सपाता घालून तळघरात उतरले. “वॉशिंग मशीनमागे फळी आहे. तिच्याआड आठवा आहे. मशीन बसवताना मीच झाकला होता.”

व्हॉल्व्हमधली चकती निखळून पाणी अडलं होतं. दुपारी नवा बसवला. थोड्या वेळाने बाळाची आई वरून ओरडली, “वार्म!” आणि अख्खा जिना तेच ओरडला. फोग्टसुद्धा.

बाईंच्या वहीवरून मी प्लॅन काढून दिला. तेव्हापासून अशा बिल्डिंगमध्ये गेलो की कालपर्यंत कारभार कोण बघत होतं, ते आधी विचारतो. भांडण झालेलं असलं तरी त्याची बेल वाजवावी. भिंत फोडण्यापेक्षा सोपं पडतं.