पाणबुडीचं सोंग

नाशिकला समुद्र नाही. तरी ऐंशीच्या दशकात सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही नौदलासाठी पाणबुडीचं सोंग तयार करत होतो. माणसाएवढी लांब, जाड नळी. समुद्रात सोडली की ती पाण्याखालून पळायची आणि जहाजानं पाठवलेल्या आवाजाला पाणबुडीसारखा पडसाद द्यायची. तो ऐकून जहाजावरचे लोक पाणबुडी हुडकायचा सराव करत. रबरी रिंग बसवून नळीचं झाकण बंद करणं हे आम्हा चार बायकांचं काम. मी त्यांची प्रमुख.

दसरा झाला आणि लगेच पहिली नळी तपासायला नौदलाचे साहेब आले. सायकलवाला ट्यूब बुडवतो तशी आम्ही ती हवा भरून टाकीत उतरवली. झाकणापाशी बुडबुडे आले. बारीक, पण थांबेनात.

फोरमन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, लोणच्याची बरणी नाही ही. फडक्याचा दादरा बांधून भागत नाही."

"बरणी असती तर तुम्हाला हातच लावू दिला नसता," मी म्हटलं.

मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून हे काम पुरुषांकडे." म्हणजे चौघींची नोकरी गेली. दुसरं काम तिथे आमच्याजोगं नव्हतंच.

"आधी उघडून बघा, शेठ. सुट्टीआधी मी स्वतः बंद केलीय."

साहेब म्हणाले, "खोलिए."

एकेक करून बोल्ट निघाले. रिंग बसते ती खाच घासली गेली असती तर नळीच बाद होती. मी झाकण उचललं. रिंगेला चिकटून, ग्रीसमध्ये, कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा होता.

"झाकण कुणी उघडलं होतं?" मी विचारलं.

फोरमन मालकांकडे बघायला लागला.

"खंडेनवमीला," मालक म्हणाले. "पूजा नुसती पत्र्याची करायची? आतल्या मशिनला अक्षता नकोत?"

मालकांनी अक्षता वाहिल्या होत्या आणि फोरमननं झाकण परत आवळलं होतं. आम्ही तोवर घरी गेलो होतो.

खाच शाबूत होती. ती पुसली, नवी रिंग बसवली, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत आणले. नळी परत टाकीत उतरली. साहेब काठावर वाकून बघत राहिले. पाणी हललं नाही. बऱ्याच वेळानं ते सरळ झाले आणि म्हणाले, "ठीक है."

साहेब गेल्यावर मालक त्यांच्या खोलीकडे निघाले. मी वाटेत उभी राहिले.

"उद्या चौघींनी यायचं ना, शेठ?"

"या की," ते म्हणाले. "विचारता काय?"