न उडणारी बंदूक

बंदुकीला भिणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण आयुष्यभर बंदुका तयार करून आयुष्यभर त्यांच्यावर संशय घेणारा माणूस परमेश्वरानं एकच घडवला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. साऱ्या गोतावळ्याचे अण्णा, म्हणून माझेही अण्णाच. मेकॅनिकल इंजिनिअर, उमेदीची वर्षं दूरच्या एका सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात गेलेली, नावावर बंदुकीच्या निरनिराळ्या भागांची मूठभर पेटंटं. 'नावावर' हा शब्द मी जपून वापरतो, कारण नाव त्यांचं असलं तरी हक्क सरकारचा. "मुलगी आपली, आडनाव सासरचं," असं ते म्हणायचे, आणि बँकेच्या दारात उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावरची बंदूक, लेक सासरी नीट नांदते आहे ना अशा नजरेनं न्याहाळायचे. पहारेकरी बिचारा अस्वस्थ व्हायचा. सत्तरच्या दशकात त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली, धारवाडला परत आले, केलगेरीच्या तळ्याच्या बाजूला घर बांधलं, मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये लेथ बसवला, आणि आमच्या सासरवाडीतली शांतता त्या दिवशी संपली.

अण्णांचा पहिला नियम असा की, ज्या वस्तूला नळी आहे ती भरलेली आहे असं धरून चालायचं. हा नियम बंदुकीपुरता ठेवला असता तर कुणाची तक्रार नव्हती. पण मी शाळामास्तर. पावसाळ्यात काखेत छत्री आडवी धरून चालायची मला सवय. हुबळीला केशवापुरातल्या आमच्या घरी ते आले की पायरीवरूनच ओरडत, "साडू, नळी खाली! मागं माणसं आहेत." मग माझी छत्री काढून घेत, उघडून आत बघत, मिटत, आणि टोक जमिनीकडे करून कोपऱ्यात ठेवत. पुतणीच्या लग्नात तर त्यांनी सनईवाल्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. सनईवाला रुसला, व्याही गोंधळले, पण अण्णांनी मुहूर्त टळेपर्यंत वाद घालायची तयारी दाखवली, तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. एवढा बंदुकांमध्ये वावरलेला माणूस दिवाळीत मात्र कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसायचा. त्यांनी कधी शिकार केली नाही. घरात झुरळ निघालं तर ते त्याला सुपलीत घेऊन सन्मानानं कुंपणापर्यंत पोचवत.

दुसरा नियम असा की, जी वस्तू कापते, चिमटते किंवा मिटते तिला खटका हवा. या नियमाखाली सगळ्यांत जास्त भरडल्या गेल्या त्या अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीबाई. अण्णांनी त्यांच्यासाठी अशी विळी केली होती की पाटावर माणसाचं वजन पडल्याशिवाय पातं उभंच राहायचं नाही, आणि वजन हललं की खाली मिटायचं. कल्पना थोर होती. पण भाजी चिरताना माणूस हलतो, मीठ घ्यायला वाकतो, दूधवाल्याशी बोलायला वळतो, हे त्या विळीला मान्य नव्हतं. "भावोजी," अक्का मला सांगायच्या, "ह्यांच्या विळीवर वांगं चिरायचं म्हणजे आधी समाधी लावता आली पाहिजे बघा!" न्हाणीघराच्या कडीलाही त्यांनी एक युक्ती बसवली होती. चुकून कुणी आत कोंडलं जाऊ नये म्हणून ती केलेली, आणि मी तिच्याचमुळे आत कोंडलो गेलो. अण्णा बाहेरून शांतपणे सूचना देत होते, आणि मी आतून, पंचा नेसून, एका पेटंटधारक माणसाबद्दल मनात नको नको ते शब्द आणत होतो. शेवटी दार बिजागऱ्यांतून काढावं लागलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "साडू, दोष तुमचा नाही. घाबरलेल्या माणसाला जे उघडता येत नाही ते यंत्रच चुकलेलं." आणि त्याच दिवशी त्यांनी कडी बदलली. त्यांच्यावर फार वेळ रागावता यायचं नाही ते यामुळे.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांचा एकच प्रश्न: पडल्यावर काय होतं? हुबळीच्या दुर्गदबैलात भांडी घ्यायला गेले की ते कासंडी हातात घेत, वजन बघत, आणि दुकानदाराचं लक्ष असो नसो, सोडून देत. घणघणाट व्हायचा. पुढं पुढं त्यांना लांबून येताना पाहून काचसामानवाला शटर अर्धं खाली ओढायचा. भाचीला पाहायला आलेल्या एका हुशार मुलाला त्यांनी विचारलं, "कधी नापास झालाहात?" मुलगा अभिमानानं म्हणाला, "कधीच नाही." अण्णा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "अजून पडलेला नाही. काय सांगावं?" त्यांनी पसंत केलेला मुलगा पुढं इंटरला आपटलेला निघाला, आणि जावई म्हणून सोन्यासारखा निघाला, हेही इथं सांगायला हवं.

आता या सगळ्या थट्टेच्या पोटात एक गोष्ट होती, आणि ती मला कळली अमरगोळच्या बाजारात. वर्षाची ब्याडगी मिरची घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. ढिगाशेजारी कुबडी टेकून एक शेतकरी बसला होता, बसप्पा नावाचा. एक पाय घोट्याखाली नव्हताच. अण्णांना गप्प बसवेना. "कालिगे एनात्री?" म्हणून त्यांनी पायाची चौकशी केली. बसप्पानं कानडीत सगळं मोकळेपणी सांगितलं. डुकरं पिकात शिरतात म्हणून परवान्याची एकनळी बंदूक घेतलेली. भरून खोपटाच्या कुडाला टेकवून ठेवली होती. कुत्र्याचा धक्का लागला, बंदूक आडवी झाली, घोडा दगडावर आपटला आणि बार उडाला. अण्णांनी विचारलं, बंदूक कुठली? बसप्पानं दस्त्याचा आकार हातानं काढून दाखवला, घोडा कसा बाहेर असतो ते दाखवलं. आणि वर कौतुकानं म्हणाला, "बंदूक भाळ छलो ऐत्री!" फार चांगली बंदूक, अजून चालते, चूक माझीच, भरून ठेवली. अण्णांचा चेहरा मी पाहिला. शेतकऱ्यांना परवडावी म्हणून हलकी, स्वस्त एकनळी बंदूक, तिचा तो बाहेरचा घोडा हे त्यांचं पहिलं पेटंट होतं.

मिरचीचं पोतं आम्ही बाजारातच विसरून आलो. अक्कांनी दारातच विचारलं, "मिरच्या?" तर म्हणाले, "राहिल्या," आणि सरळ शेडमध्ये गेले.

त्यानंतर त्यांनी दुसरं काही हातात घेतलं नाही. बंदुका करणाऱ्या एका खाजगी कंपनीशी बोलून, तिच्या परवान्याखाली, त्यांनी त्याच जुन्या बंदुकीसाठी एक खटका करायला घेतला. चाप ओढला नसेल तर घोड्याला पुढं जाऊच न देणारी एक इवलीशी पोलादी जीभ. ती केली, मोडली, पुन्हा केली. काडतुसात दारू न भरता नुसती बुडाची टोपी ठेवायची, घोडा आपटला की फुटणारी, आणि बंदूक चटईवर, फरशीवर, दगडावर सोडायची. केलगेरीच्या त्या गल्लीत दिवसभर धप्प, धप्प आवाज चालायचा, आणि शेजारच्या बाईंना वाटायचं की अक्का फार कपडे धुतात. शेवटी ती जीभ साधली. कुठूनही, कशीही टाका, टोपी उडत नव्हती. कंपनीचे साहेब बघायला येणार, ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, असं ठरलं.

खंडेनवमीला अण्णांनी बंदूक सुटी करून, पुसून, तेल देऊन, पुन्हा जोडून पाटावर ठेवली. शेजारी लेथची हत्यारं, ती समाधीवाली विळी, माझं फाउंटन पेन. अक्कांनी यंदा मनापासून पूजा केली. एवढ्या वर्षांच्या धप्प धप्पचं सार्थक व्हायचं होतं. गंध, ओली हळद, कुंकू, झेंडू, आणि ओंजळभर अक्षता. पुजलेलं आयुध दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, ते कुणी हलवलं नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांनी ते वरवर फडक्यानं पुसलं आणि बाहेर आणलं. इतका काटेकोर माणूस, पण हत्यारं सगळे पूजेआधी साफ करतात, पूजेनंतर कोण करतो? आपल्यात तशी रीतच नाही.

अंगणात साहेब खुर्चीवर, मी शेजारी, अक्का दारात. अण्णांनी बंदूक कमरेएवढ्या उंचीवरून दगडावर सोडली. फट्ट! टोपी उडाली.

अण्णांनी तिथंच मांडी घालून बंदूक उघडली. त्या जिभेखाली, घोड्याशेजारच्या फटीतून शिरून ओल्या हळदीत वाळून घट्ट बसलेला, तांदळाचा एक पिवळा दाणा होता. अक्कांनी पदर तोंडाला लावला. "मीच टाकल्या हो," त्या म्हणाल्या, "जास्तच टाकल्या!" साहेब सज्जन होते, हसले. म्हणाले, "अहो, पूजेच्या अक्षता! यात तुमच्या डिझाइनचा काय दोष? काढा दाणा, पुन्हा टाका, मी पास करतो." मीही म्हटलं, "अण्णा, काढा ना."

अण्णांनी दाणा तळहातावर घेतला. "साहेब," ते म्हणाले, "या मुलखात अशी एक बंदूक दाखवा जिच्यावर खंडेनवमीला अक्षता पडत नाहीत. बसप्पाच्या बायकोनं काय तांदूळ मोजून टाकायचे? पास करू नका."

"पुढच्या वर्षी कंपनी पैसे घालेल याची हमी नाही," साहेब म्हणाले.

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. मग दाराकडे वळून अक्कांना म्हणाले, "रडतेस काय? एवढी वर्षं मी टाकून बघतोय, मला जे सापडलं नाही ते तू बसल्या जागी शोधलंस." साहेब चहा घेऊन निघून गेले. इतका मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्या दिवशी मला त्यांचा रागही तितकाच आला होता.

पुढं जे झालं त्याची हकीकत केलगेरीत अजून सांगतात. नव्या रचनेत जिभेखालची जागा मोकळी ठेवली होती. जे आत जाईल ते खाली गळून पडावं. आणि ती तपासायची म्हणून अक्का त्या बंदुकीची रोज पूजा करू लागल्या. हळद, कुंकू, अक्षता, नारळाचं पाणी, सणासुदीला पंचामृत. पूजा वाळली की अण्णा बंदूक टाकत. शेजारच्या बाईंनी हे कुंपणावरून पाहिलं आणि एका मंगळवारी खणानारळाची ओटी घेऊन आल्या. कुठली देवी एवढं मला सांगा, म्हणाल्या. अक्कांनी ओटी ठेवून घेतली. देवाच्या नावानं आलेलं परत कसं करायचं?

कंपनीचं मन वळवायला बराच काळ गेला, पण ते वळलं. पेटंट या वेळी अण्णांच्या स्वतःच्या हक्काचं झालं आणि नव्या बंदुकांना तो खटका बसू लागला. कुणीही इथं थांबलं असतं. अण्णांचा जीव मात्र आधी विकल्या गेलेल्या बंदुकांत अडकला होता. हुबळीतल्या एका परवानाधारक बंदुकीच्या दुकानदाराला गळ घालून त्यांनी तिथं एक टेबल मिळवलं. बाजाराच्या दिवशी माणसं घोंगडीत गुंडाळून बंदुका आणायची आणि अण्णा, चष्मा कपाळावर, एकेकीला ती जीभ बसवून द्यायचे. निरोपावर निरोप धाडल्यावर बसप्पाही आला. काम झाल्यावर अण्णा त्याला म्हणाले, "टाक खाली. तुझ्या हातानं टाक." बसप्पा तयार होईना. पुजलेली बंदूक खाली कशी टाकायची? शेवटी अण्णांनीच ती त्याच्यासमोर फरशीवर सोडली. नुसता लाकडाचा आवाज झाला. बसप्पानं बंदूक उचलून कपाळाला लावली, मग म्हणाला, "सरी," म्हणजे ठीक. अण्णांनी नाक पुसायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

तेव्हापासून त्यांना एक नवी सवय जडली. खेड्याकडचं कुणी भेटलं, कंडक्टर असो की तलाठी, की विचारायचे, "तिकडं काही ऐकलंत?" समोरचा गोंधळून म्हणायचा, नाही बुवा, काही नाही. की अण्णा खूश. कुठं बंदूक पडून बार उडाला नाही, एवढंच त्यांना ऐकायचं असायचं. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा ते अंथरुणाला खिळले. मी केशवापुराहून जायचो, उशाशी बसायचो. बोलायची ताकद उरली नव्हती, तरी भुवया उंचावून विचारायचे. मी म्हणायचो, "नाही अण्णा, काहीच ऐकलं नाही." ते मान हलवायचे आणि झोपायचे.

आता त्यांना जाऊन बराच काळ झाला. माणसाच्या मागं त्याचं काहीतरी दिसावं, अशी आपली अपेक्षा असते. अण्णांच्या कामाचं तसं काही दिसत नाही. कुणाचा पाय वाचला, कुणाचं पोर वाचलं, हे त्यांना कळलं नाही आणि ज्यांचं वाचलं त्यांनाही कळायचं नाही. मला मात्र ते फार आठवतात. तिकडचं कुणी भेटलं तर मी अजून विचारतो, आणि काही नाही असं कळलं की धारवाडला जाऊन अक्कांना सांगून येतो.