पडद्यावरचा गणपती

मुलीचा नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरायला आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. तिथल्या संगणकाच्या पडद्यावर गणपतीचा फोटो होता, पण तो अनोळखी लोकांच्या स्कॅन केलेल्या आधार कार्डांनी, सह्यांनी आणि बँकेच्या पासबुकांनी जवळजवळ झाकून गेला होता. काम झाल्यावर मुलीचीही कागदपत्रं त्यातच जाऊन बसली आणि उरलासुरला गणपतीही झाकला गेला.

"हे डिलीट करत नाही का तुम्ही?" मी दुकानदाराला विचारलं.

"राहू द्या काकू, पुढच्या अर्जाला लागतंच. इथं कोण बघतंय?"

"मी बघतेय की मघापासून."

"आई, चल ना आता," मुलगी पुटपुटली.

शेजारणीने पगार विचारला तर आपण हसून विषय बदलतो. दारात अनोळखी माणूस दिसला तर साखळी काढत नाही. आणि जिने अजून मुलाखतीलाही बोलावलेलं नाही, त्या कंपनीपायी पोरीची जन्मतारीख, पत्ता, खाते क्रमांक असे रस्त्यावर मांडून निघायचं. नोकरी लागेल तेव्हा लागेल, कागद मात्र आजच कुणाच्या तरी कामाला लागतील.

मी खुर्चीवरून उठलेच नाही. शेवटी दुकानदाराने वैतागून मुलीची कागदपत्रं डिलीट केली, मग मी सांगितलं म्हणून रिसायकल बिनही रिकामी केली. तेवढ्या मोकळ्या जागेतून गणपतीचा एक कान दिसू लागला. बाकीचा देव कागदांखालीच राहिला.