सांत्वनाला गेलो आणि घर बघून आलो

भाड्याने द्यायला घरं विकत घेणाऱ्या आपल्या लोकांची शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये एक जमात तयार झाली आहे. ही माणसं कुणाकडे जेवायला गेली तरी आधी छताकडे बघतात. बारशाला गेली तर बाळ बघायच्या आधी बेसमेंट बघून येतात. मला या जमातीची किळस येते, आणि मी त्यातलाच आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीतले एक काका वारले. घरीच, खालच्या खोलीत, झोपेत गेले. ऑफिसातल्या ज्या मित्राबरोबर मी भागीदारीत घरं घेतो, त्याच्यासोबत तिसऱ्या दिवशी आमटीभाताचा डबा घेऊन काकूंना भेटायला गेलो. काकू शेवटच्या रात्रीचं सांगत होत्या, मी मान हलवत होतो. मित्र बाथरूमला म्हणून उठला तो वीस मिनिटं गायब. परत आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना धूळ लागली होती. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणू नये, एवढं तरी आमच्या आयांनी आम्हाला शिकवलं होतं. हा पठ्ठ्या दारात खुशाल "येतो, काकू" म्हणाला.

गाडीत बसल्या बसल्या सुरू झाला. "यार, रूफ नवीन आहे. हीटिंगचं फर्नेसपण रिप्लेस केलंय. फक्त किचन रिमॉडेल करायचं."

त्याला तिथेच झापायला हवं होतं. मी विचारलं, "बेसमेंटला ओल आहे का?"

दीडेक महिन्याने काकूंनीच आम्हाला बोलावलं. एवढ्या घरात एकटीला राहवत नाही, म्हणाल्या, विकून मुलीकडे कॅलिफोर्नियाला जायचंय. मुलगी फोनच्या स्पीकरवर होती. ती इथेच जन्मलेली. "मॉम, जस्ट गेट अ रिअल्टर अँड लिस्ट इट!" ती वैतागून म्हणाली.

"नको गं बाई," काकू म्हणाल्या. "एजंट नेमला की परकी माणसं बूट घालून घरभर फिरणार, यांची कपाटं उघडणार. ही आपली मुलं आहेत. ती सांगतील ती किंमत."

त्या भागात नुकत्याच विकल्या गेलेल्या घरांचे कागद मी नेले होते. सगळ्यात महाग गेलेल्या घराचा कागद मात्र मी मुद्दाम घरी ठेवला होता. "किचन फार जुनं आहे ना, काकू," असं म्हणून मी आकडा सांगितला. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

काकू हळूच म्हणाल्या, "हे याच घरात गेले. आपल्यात असं घर कोण घेतं? तुम्ही घेताय हेच खूप झालं. त्याचेही काही कमी करा."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. कोण कुठल्या खोलीत गेलं याचं इथे ना बँकेला सोयरसुतक, ना भाडेकरूला, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी चेहरा पाडला आणि म्हणालो, "तुम्ही म्हणताय तर तसं करू." पडलेला चेहरा मला चांगला जमतो, हे त्या दिवशी कळलं.

पुढे कर्जासाठी बँकेने घराची किंमत ठरवणारा अप्रेझर पाठवला. त्याने खोल्या मोजल्या, फोटो काढले. माणूस कुठे मेला हे लिहायला त्याच्या फॉर्मवर जागाच नव्हती. त्याने लावलेली किंमत आमच्या आकड्याच्या कितीतरी वर गेली. मित्राने फोनवर नाचणाऱ्या बाहुलीची इमोजी पाठवली आणि खाली लिहिलं, "घेतल्या दिवसापासून प्रॉफिट, यार!" मीही अंगठा दाखवला.

खरेदीच्या सह्यांना अजून चार दिवस होते. त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"बँकेचा माणूस येऊन गेला रे. किंमत कमी तर नाही ना लावली त्याने? तसं असेल तर मोकळेपणाने सांग. मी अजून खाली उतरेन. माझ्यापायी तुम्हा मुलांचं नुकसान नको."

रिपोर्ट माझ्यासमोर स्क्रीनवर उघडा होता. नुसता आकडा वाचून दाखवायचा होता.

"नाही काकू," मी म्हणालो, "बरोबर आली किंमत."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "सकाळपासून जिवाला घोर लागला होता."