किंमत सांगून झाल्यावर

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. लिफ्टच्या कंपनीत फोनवर तक्रारी ऐकण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. विक्रीचा अनुभव शून्य. तरी साहेबांच्या मागे हात धुऊन लागून तिने एक संधी मिळवलीच. नव्या रुग्णालयाला सगळ्या लिफ्ट विकायच्या. नाही जमलं तर मुकाट्याने पुन्हा फोनवर बसायचं.

ओल्या प्लॅस्टरचा वास येणाऱ्या खोलीत तिने रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंना किंमत सांगितली. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि गप्प बसल्या. ताईच्या शेजारी साहेबांची चुळबुळ सुरू झाली. "थोडं कमी करू" हे शब्द अगदी तिच्या जिभेवर आले होते, पण तिने ते गिळले.

"फारच महाग आहे हो," अखेर बाई म्हणाल्या.

"आहे," ताई म्हणाली. "पण पेशंट मध्येच अडकला की नातेवाईक फोनवर कसे रडतात, ते मी ऐकलंय. तुम्हाला हलकी लिफ्ट नाही देणार मी."

बाई तिच्याकडे रोखून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काम कधी सुरू कराल?"

ताईने गडबडून साहेबांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" साहेब म्हणाले. "गिऱ्हाईक तुमचं आहे. तुम्हीच सांगा."